अपंगांसाठी साधने : किंमत आणि मोल

अपंग व्यक्तींना उपयोगी पडणारी साधने सामान्य माणसाला परवडतील अशा रीतीने कशी घडवावीत, हा या व्याख्यानाचा विषय आहे. वरवर पाहता हा अभियंत्यांचा आणि कारखानदारांचा प्रश्न वाटतो. परदेशातील एखादे चांगले साधन घ्यावे, त्यातील महाग धातूच्या जागी हलक्या प्रतीचा धातू वापरावा, शोभेचे भाग गाळावेत, जेथे मजुरी कमी तेथे ते तयार करावे, म्हणजे साधन स्वस्त झाले, असा सर्वसाधारण समज असतो. गेल्या अर्धशतकाहून अधिक काळाचा अनुभव या समजाला पुष्टी देत नाही. अशा रीतीने स्वस्त केलेली असंख्य साधने आज घरोघरच्या माळ्यांवर आणि गोठ्यांच्या कोपऱ्यांत पडून आहेत. ती वापरणाऱ्याने टाकून दिली, याचा दोष बहुधा त्याच्या अज्ञानाला दिला जातो. वस्तुतः त्याने ते साधन काही दिवस वापरून पाहिलेले असते आणि आपल्या आयुष्यात ते बसत नाही, असा निर्णय अनुभवाने घेतलेला असतो. हा निर्णय समजून घेतल्याखेरीज स्वस्त साधन म्हणजे काय, हे कळणार नाही.

प्रथम प्रश्नाचा आवाका ध्यानात घ्यावयास हवा. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील २५० कोटींहून अधिक लोकांना चष्मा, श्रवणयंत्र, चाकांची खुर्ची, कृत्रिम अवयव अशा एका वा अनेक साधनांची गरज आहे. ज्यांना गरज आहे त्यांच्यापैकी किती जणांना साधन मिळते, हे प्रमाण श्रीमंत देशांत ९० टक्क्यांपर्यंत जाते, तर काही गरीब देशांत ते अवघे ३ टक्के आहे. भारताच्या २०११ च्या जनगणनेत सुमारे २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे ५४ लाख लोकांचे अपंगत्व चालण्या-फिरण्याशी निगडित होते. याच जनगणनेतील आणखी एक आकडा साधनांच्या रचनाकाराने कायम डोळ्यांसमोर ठेवावा असा आहे. अपंग म्हणून नोंदलेल्यांपैकी ६९ टक्के लोक खेड्यांत राहत होते. म्हणजे भारतात साधन घडविणे याचा अर्थ मुख्यतः खेड्यातील अंगणासाठी, बांधासाठी, ओढ्याच्या उतारासाठी साधन घडविणे असा होतो.

साधनाची किंमत ही दुकानातील पाटीवर लिहिलेल्या रकमेपुरती नसते. एखाद्या शेतमजुराचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, असे समजा. कृत्रिम पाय घेण्यासाठी त्याला जिल्ह्याच्या किंवा त्याहूनही दूरच्या शहरी जावे लागते. एकट्याने प्रवास होत नाही, म्हणून घरातील दुसऱ्या माणसाची मजुरी बुडते. पहिल्या खेपेस माप घेतले जाते, दुसऱ्या खेपेस पाय बसवून पाहतात, तिसऱ्या खेपेस तो हाती मिळतो. काही महिन्यांनी पट्टा तुटतो किंवा बिजागरी ढिली होते, की पुन्हा तोच प्रवास. असा पाय फुकट मिळाला, तरी त्या कुटुंबाच्या हिशेबी तो महागच. याउलट ज्या पायाची दुरुस्ती गावच्या लोहाराला किंवा चांभाराला करता येते, तो पहिल्या दिवशी थोडा अधिक किमतीचा असला तरी अखेर स्वस्त ठरतो. किमतीचा हा दुसरा हिशेब कारखान्याच्या जमाखर्चात कोठेच दिसत नाही, आणि त्यामुळेच तो विसरला जातो.

या हिशेबातून काय निष्पन्न होऊ शकते, याचे भारतातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे 'जयपूर फूट' या नावाने ओळखले जाणारे कृत्रिम पाऊल.

कृत्रिम अवयव भारताला नवे नव्हते. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी पुणे येथे १९४४ साली कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले होते. मुंबईत अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून कार्य करीत होती. परंतु त्या काळात कृत्रिम पायाची जी घडण जगभर प्रमाण मानली जाई, ती पाश्चात्त्य देशांतील जीवनाला धरून होती. १९५० नंतरच्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठात विकसित झालेले 'सॅच' पाऊल हे तिचे प्रातिनिधिक रूप होय. या पावलाचा घोटा पक्का असतो. टाच मऊ व दबणारी असते आणि पावलाच्या मध्यातून बोटांच्या दिशेने लाकडाचा एक ताठ कणा जातो. टाच टेकताच ती दबते, शरीराचा भार पुढे सरकतो आणि कण्याच्या टोकावरून पाऊल उचलले जाते. रचना अत्यंत साधी व टिकाऊ आहे. सपाट रस्त्यावरून बूट घालून चालणाऱ्या आणि खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला ती उत्तम उपयोगी पडते. तिच्या कल्पकतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

परंतु हेच पाऊल लावून राजस्थानातील शेतकरी घरी परतला, की अडचणींना प्रारंभ होई. घोटा वाकत नसल्याने त्याला उकिडवे बसता येत नसे. शौचाला बसणे, विहिरीवर आंघोळ करणे, गाईची धार काढणे, चुलीपुढे बसून भाकरी भाजणे या सर्व गोष्टी उकिडव्याने होतात. पाऊल आतल्या बाजूस वळत नसल्याने मांडी घालता येत नसे. ज्या घरात सारे कुटुंब जमिनीवर बसून जेवते, तेथे त्याला पाय लांब करून वेगळे बसावे लागे. पावलाला बुटाचे आवरण आवश्यक, पण बूट घालून देवळात किंवा स्वयंपाकघरात जाता येत नाही. बूट ओल्या शेतात चिखलात रुतून बसतो, आणि आतील मऊ भागात पाणी मुरले की पाऊल कुजू लागते. सपाट जमीन ही या पावलाने गृहीत धरलेली गोष्ट होती. नांगरलेल्या ढेकळांवर ते आडवे-तिरपे कलू शकत नसल्यामुळे प्रत्येक धक्का कापलेल्या पायाच्या खुंटाला बसे. शेवटी शेतकरी पाय काढून ठेवी आणि पुन्हा कुबडी हाती घेई.

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयातील अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या लक्षात ही गोष्ट आली. तेथेच रुग्णांना हस्तकला शिकविण्यासाठी रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर येत असत. त्यांचे शालेय शिक्षण जेमतेम होते. मात्र हाताने वस्तू घडविण्याची परंपरागत विद्या त्यांच्या अंगी मुरलेली होती, आणि लोक त्यांना आदराने 'मास्टरजी' म्हणत. शरीराची हालचाल व भार यांचे शास्त्र डॉक्टरांजवळ होते, तर द्रव्याला आकार देण्याचे ज्ञान कारागिराजवळ. १९६८ च्या सुमारास या दोन ज्ञानांचा संयोग झाला. डॉ. कासलीवाल व डॉ. उडावत हे सहकारीही या कामात होते. असे सांगितले जाते की, सायकलीच्या चाकाचे पंक्चर काढून घेण्यासाठी रामचंद्र एका दुकानाशी थांबले असताना तेथे मालमोटारीच्या झिजलेल्या टायरवर नवे रबर चढविण्याचे काम चालले होते. रबर साच्यात घालून उष्णतेने पक्के करण्याची ती रीत पाहून पाऊलही असेच घडवता येईल, हे त्यांना सुचले. कथेचा तपशील कसाही असो, पुढील काम प्रत्यक्षात टायरच्या तंत्रानेच झाले.

या पावलाची आंतररचना पाहण्यासारखी आहे. टाचेच्या ठिकाणी स्पंजासारख्या सच्छिद्र रबराचा ठोकळा असतो. बोटांकडील भागात तशाच रबराचा दुसरा ठोकळा असतो, आणि घोट्याच्या जागी लाकडाचा ठोकळा असून त्यातून वरच्या पायाला जोडणारा बोल्ट बाहेर येतो. हे तिन्ही भाग टायरमध्ये वापरल्या जाणाऱ्या धाग्यांच्या रबरी पट्ट्यांनी बांधले जातात. त्यांवर कातडीच्या रंगाचे रबर चढवून सर्व गोळा अ‍ॅल्युमिनियमच्या पाऊलसदृश साच्यात घालतात, आणि साचा तापवला की सारे एकजीव होते. सॅच पावलातील ताठ कणा येथे नाही, ही यातील महत्त्वाची गोष्ट होय. तो नसल्यामुळे पाऊल वर वाकते, म्हणून उकिडवे बसता येते. ते थोडे आत वळते, म्हणून मांडी घालता येते. खाचखळग्यांतून चालताना ते बाजूंना कलते, म्हणून खुंटाला धक्के कमी बसतात. बाहेरचे आवरण अखंड रबराचे असल्याने पाणी आत शिरत नाही. पाऊल दिसायला खऱ्या पावलासारखे असते, म्हणून अनवाणी चालण्यात संकोच वाटत नाही. बुटाचा खर्च वाचला, हा आणखी एक लाभ. १९७८ साली या पावलाचा शास्त्रीय वृत्तान्त कृत्रिम अवयवांच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शोधनिबंधाच्या लेखकांत सेठी, उडावत आणि कासलीवाल या डॉक्टरांच्या बरोबरीने रामचंद्र यांचेही नाव होते. अल्पशिक्षित कारागिराचे नाव अशा ठिकाणी छापले जाणे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. सेठी यांना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

येथे एका मुद्द्यावर विशेष भर देणे आवश्यक आहे. जयपूरच्या मंडळींनी महाग पावलातून काही भाग कमी करून स्वस्त पाऊल काढले नाही. त्यांनी प्रश्न मुळापासून निराळा मांडला. माणसाला पुन्हा चालता कसे करावे, एवढाच प्रश्न न विचारता, या माणसाला पुन्हा त्याच्या घरात, शेतात आणि पंगतीत कसे बसवावे, असे त्यांनी विचारले. उत्तर म्हणून जे पाऊल हाती आले ते स्वस्त निघाले, कारण त्याला लागणारे रबर, लाकूड व धागा गावोगावच्या बाजारातील होते आणि ते घडविणारे हात देशातच विपुल होते. पावलाच्या वरचा पाय प्रथम अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा करीत. पत्रा ठोकून भांडी घडविणाऱ्यांची कला येथे कामी आली. पुढे पाणीपुरवठ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या घन पॉलिएथिलीनच्या नळ्या घेण्यात आल्या. खुंटाचा प्लास्टरचा साचा घ्यावयाचा, नळीचा तुकडा भट्टीत मऊ करून त्या साच्यावर ओढावयाचा आणि निवू द्यावयाचा. काही तासांत पाय तयार होतो.

साधन तयार झाले म्हणजे ते लोकांपर्यंत पोहोचले, असे मात्र होत नाही. पहिल्या काही वर्षांत फारच थोड्या लोकांना या पायाचा लाभ झाला. १९७५ साली जयपूर येथे देवेंद्रराज मेहता यांच्या पुढाकाराने भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन झाली आणि चित्र पालटले. स्वतः मेहता हे गंभीर अपघातातून बरे झालेले सनदी अधिकारी होते. समितीने जी पद्धत घालून दिली, तिचाही समावेश साधनाच्या रचनेतच करावयास हवा. दूरगावाहून आलेल्या माणसाला कोणत्याही वेळी दाखल करून घ्यावे, त्याची व सोबत्याची राहण्या-जेवण्याची व्यवस्था करावी, शक्यतो त्याच मुक्कामात माप घेऊन पाय बसवावा, पैसे घेऊ नयेत आणि त्याला चालत घरी पाठवावे, अशी ही पद्धत होती. शेतमजुराच्या तीन खेपांचा जो हिशेब आरंभी सांगितला, तो येथे एका खेपेवर आला. प्रवासाचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च कमी करणे, हे रबराचा भाव कमी करण्याइतकेच महत्त्वाचे असते.

या पायाची कीर्ती सर्वसामान्यांपर्यंत नेण्यात नर्तकी सुधा चंद्रन यांचा मोठा वाटा आहे. १९८१ मधील अपघातानंतर त्यांचा पाय कापावा लागला. जयपूर पाय लावून त्यांनी पुन्हा साधना केली आणि १९८४ साली त्या मुंबईत रंगमंचावर उभ्या राहिल्या. ही कथा स्फूर्तिदायक आहेच. तथापि साधनाची कसोटी असामान्य व्यक्तीच्या जिद्दीवर लावू नये. डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन बांधावरून चालणाऱ्या बाईला तो पाय वर्षभर साथ देतो की नाही, हीच त्याची खरी परीक्षा होय.

या परीक्षेत जयपूर पायाच्याही उणिवा उघड झाल्या, आणि त्या झाकून ठेवण्याने कोणाचेच हित साधणार नाही. रबरी पाऊल वजनाने जड होते. हाताने घडविल्यामुळे एका कार्यशाळेतील पाऊल दुसऱ्या कार्यशाळेतील पावलासारखे असेलच, याची खात्री नसे. शिबिरांत एका दिवसात अनेकांना पाय बसवायचे म्हटले, की खुंट ज्यात बसतो त्या खोळीच्या मापाकडे पुरेसे लक्ष राहत नाही. खोळ घट्ट झाली तर खुंटाला जखमा होतात, सैल झाली तर चालताना पाय निसटतो. पाऊल कितीही उत्तम असले तरी खोळ बिघडली तर सारे व्यर्थ जाते. वजनाच्या प्रश्नावर भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या साहाय्याने पॉलियुरेथेनचे हलके पाऊल तयार करण्यात आले. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने कंबोडियात, जेथे भूसुरुंगांनी हजारो लोकांचे पाय गेले होते, १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पॉलिप्रॉपिलीनच्या सुट्या भागांची पद्धत विकसित केली. तेथे भाग एकसारखे येतात आणि खोळ मात्र प्रत्येकाच्या मापाने केली जाते. १९९५ साली कंबोडियाची राजधानी नॉमपेन्ह येथे या क्षेत्रातील तज्ज्ञांची परिषद भरली. योग्य मापात व योग्य रेषेत बसणारे, त्या माणसाच्या गरजेला जुळणारे आणि त्या देशाला दीर्घकाळ चालवता येईल इतक्या कमी खर्चाचे साधन तेच समुचित, अशा आशयाची भूमिका तेथे मान्य झाली. यात किंमत शेवटी आली आहे आणि माप प्रथम, हे लक्षणीय आहे.

गुडघ्याच्या वर पाय गेलेल्यांचा प्रश्न अधिक कठीण. साध्या बिजागरीचा गुडघा उभे असताना अवचित दुमडतो आणि माणूस कोसळतो. श्रीमंत देशांत यावर अनेक सांध्यांचे गुडघे वापरतात, परंतु त्यांची किंमत आवाक्याबाहेर असते. जयपूर येथील समितीच्या सहकार्याने अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २००८ च्या सुमारास तेलमिश्रित नायलॉनचा गुडघा तयार केला. त्यातील चार दांड्यांची जुळणी अशी आहे की, भार पडला असता गुडघा स्थिर राहतो आणि पाय उचलताच सहज वाकतो. द्रव्यातच तेल असल्याने वंगण घालण्याची आवश्यकता राहत नाही. त्याची किंमत सुमारे २० डॉलर सांगण्यात आली. येथेही उच्च शास्त्र वापरूनच साधेपणा साधला गेला. गरिबांसाठीच्या साधनाला कमी बुद्धी पुरते, हा भ्रम अशा उदाहरणांनी दूर व्हावा.

पायाकडून चाकांच्या खुर्चीकडे वळले असता, चुकीच्या साधनाचे परिणाम किती गंभीर असू शकतात हे दिसते. इस्पितळाच्या गुळगुळीत फरशीवर रुग्णाला दुसऱ्याने ढकलत नेण्यासाठी केलेली खुर्चीच बहुतेक दानशूर लोक वाटतात. दिसायला ती चकचकीत असते. कच्च्या रस्त्यावर मात्र तिची पुढची लहान चाके खड्ड्यात अडकतात आणि बसलेला माणूस पुढे फेकला जातो. याहून मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. मणक्याला इजा झालेल्या माणसाला कमरेखाली संवेदना नसते. कापडाच्या झोळीवर तासन्‌तास बसल्याने हाडांखालची कातडी दबते, तेथील रक्तपुरवठा थांबतो आणि व्रण पडतात. वेदना होत नसल्याने ते वेळीच कळत नाहीत. व्रण चिघळला, विष रक्तात गेले, तर मृत्यू ओढवतो. योग्य गादी आणि दर काही वेळाने अंग उचलण्याची शिकवण यांवाचून दिलेली खुर्ची माणसाचे प्राणही घेऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली अल्प साधनसामग्रीच्या प्रदेशांसाठी खुर्चीविषयक मार्गदर्शिका काढली. तिने खुर्चीइतकाच भर माप, गादी, शिक्षण व पाठपुरावा यांवर दिला, याचे कारण हेच.

खुर्चीच्या रचनेत ज्यांनी निराळा मार्ग दाखविला, त्यांत अमेरिकेतील राल्फ हॉचकिस यांचे नाव अग्रगण्य आहे. १९६६ मधील मोटारसायकलच्या अपघाताने ते स्वतः खुर्चीला बांधले गेले. १९८० साली निकाराग्वात गेले असता तेथील काही तरुण एकच खुर्ची आपसात वाटून घेत व मोडली की स्वतःच दुरुस्त करीत, असे त्यांना आढळले. कारखान्यातील तज्ज्ञांना जे सुचले नव्हते, ते या मुलांनी गरजेपोटी शोधून काढले होते. पुढे हॉचकिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक देशांतील अपंग कारागिरांसमवेत अशी खुर्ची विकसित केली की, तिला सायकलीची चाके आणि कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या बेअरिंग लागतात. पुढची चाके रुंद रबराची आणि अधिक पुढे असल्याने ती वाळूत रुतत नाही व सहसा उलटत नाही. या रचनेवर त्यांनी मालकी हक्क न ठेवता ती सर्वांना खुली केली. अशा खुर्चीचा एखादा भाग मोडला, तर सायकल दुरुस्त करणारा तो बदलू शकतो. भारतातील खेड्यात सायकल दुरुस्त करणारा कोठेही भेटतो, खुर्ची दुरुस्त करणारा भेटत नाही. या एका वस्तुस्थितीतून रचनेचे निम्मे नियम आपोआप निघतात.

अंध व्यक्तीची पांढरी काठी हे जगातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत यशस्वी साधनांपैकी एक. जमिनीवरचा खड्डा, पायरी, दगड ती अचूक सांगते. परंतु गुडघ्याच्या वरचा अडथळा तिला सापडत नाही. उघड्या खिडकीचे दार, झाडाची खाली आलेली फांदी, उभ्या मालमोटारीचा मागचा भाग हे थेट तोंडावर आदळतात. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने यासाठी काठीच्या मुठीवर बसणारे उपकरण विकसित केले, आणि २०१४ साली ते उपलब्ध झाले. ते माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी पुढे सोडते, परत आलेल्या लहरींवरून अडथळ्याचे अंतर ओळखते आणि मुठीतील कंपनांनी सूचना देते. सूचना आवाजाने न देता कंपनाने देणे, ही बाब क्षुल्लक नाही. अंध व्यक्ती रस्त्यावरील वाहनांचा व माणसांचा अंदाज कानांनीच घेत असते. तिचे कान यंत्राच्या आवाजाने भरून टाकणे म्हणजे एक मदत देऊन दुसरी हिरावून घेणे होय. शिवाय येथे जुनी काठी रद्द केलेली नाही. यंत्र बंद पडले तरी काठी हातात राहते.

श्रवणयंत्राच्या बाबतीत खरा खर्च बॅटरीचा असतो. यंत्र एकदा मिळते, बॅटरी मात्र पुनःपुन्हा विकत घ्यावी लागते, आणि खेड्यात ती मिळतही नाही. काही महिन्यांत यंत्र पेटीत जाते. बोत्स्वानात यावर सूर्यप्रकाशाने पुन्हा भारित होणाऱ्या बॅटरीचा उपाय योजला गेला आणि तो तयार करण्याच्या कामात बधिर कामगारच नेमले गेले. लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, ती म्हणजे मूल वाढते. पोलिओच्या रुग्णाला लावलेला कॅलिपर किंवा कृत्रिम पाय वर्षभरात तोकडा पडतो. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ साली आढळला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला. तरीही त्या रोगाने अधू झालेल्या मागील पिढ्यांना साधनांची गरज आयुष्यभर राहणार आहे. साधन देणे ही एकदा उरकून टाकण्याची क्रिया नसून वर्षानुवर्षे निभावण्याचा संबंध आहे.

या संबंधात शासनाचा वाटा मोठा आहे. कृत्रिम अवयव व साधने तयार करणारे सार्वजनिक क्षेत्रातील महामंडळ कानपूर येथे १९७२ साली स्थापन झाले. गरजू व्यक्तींना साधने मिळावीत म्हणून केंद्र सरकारची साहाय्य योजना १९८१ पासून चालू आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारात अपंग व्यक्तींना परवडणाऱ्या खर्चात हिंडण्या-फिरण्याची साधने मिळावीत, असे कर्तव्य राष्ट्रांवर घातले असून भारताने तो करार २००७ साली मान्य केला. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे मान्य प्रकार ७ वरून २१ केले. म्हणजे साधन ही आता कायद्याच्या दृष्टीने दया राहिलेली नाही. परंतु वाटपाची मोजणी अद्याप बहुधा संख्येने होते. किती पाय वाटले, किती खुर्च्या दिल्या, याची नोंद ठेवली जाते. वर्षानंतर त्यांपैकी किती वापरात आहेत, याची नोंद ठेवणे अधिक कष्टाचे असले तरी अधिक उपयोगाचे आहे. पहिली नोंद देणाऱ्याच्या समाधानाची, दुसरी घेणाऱ्याच्या आयुष्याची.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. श्रीमंतांना कार्बनतंतूंचे पाय आणि गरिबांना रबराचे, ही विषमता आपण कायमची मान्य करावयाची काय? आक्षेप योग्य आहे. साधेपणाच्या नावाखाली गरिबांना जुन्या तंत्रात कोंडून ठेवणे हा अन्यायच होईल. परंतु उत्तर महाग साधनाच्या नकलेत नाही. धावण्यासाठी केलेले कार्बनतंतूंचे पाते लावून कोणाला गाईची धार काढता येणार नाही. नवे द्रव्य, नवे शास्त्र, नवी संगणकीय साधने ही सर्व हवीतच, पण त्यांच्यापुढे ठेवलेला प्रश्न ज्याला साधन वापरायचे त्याच्या घरातून आलेला असावा. पॉलियुरेथेनचे पाऊल आणि नायलॉनचा गुडघा यांनी हे शक्य असल्याचे दाखविले आहे.

म्हणून रचनाकाराने आरेखनाच्या फळ्याशी बसण्यापूर्वी काही गोष्टी पाहून याव्यात. हा माणूस जमिनीवर बसतो की खुर्चीवर? त्याच्या घराला उंबरा केवढा आहे? पाणी किती लांबून आणावे लागते? साधन मोडले तर ते कोण जोडील आणि त्याला कोणती हत्यारे ठाऊक आहेत? साधन वापरणारी स्त्री असेल, तर साडी नेसून ते लावता-काढता येईल काय? माप घेताना तिला संकोच वाटणार नाही, अशी सोय आहे काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्यांच्यासाठी हे सारे चालले आहे, त्यांपैकी कोणी आरेखन करणाऱ्यांत बसलेला आहे काय? जयपूरच्या कार्यशाळेत कारागीर आणि शल्यविशारद शेजारी बसले, निकाराग्वात खुर्चीवरचा अभियंता खुर्चीवरच्या मुलांकडून शिकला. अशा बैठकीला पैसा फारसा लागत नाही. ती भरविण्याची तयारी मात्र लागते, आणि ज्या कार्यशाळेत ती असेल तेथून बाहेर पडलेला पाय गोठ्याच्या कोपऱ्यात न जाता शेताकडे जाईल.